तीन पानांचं सोनं

नीलांबरीच्या घरचा फोन वाजला की तिचा नवरा प्रल्हाद म्हणायचा, "घे, तुझं ऑफिस उघडलं." थट्टेत म्हणायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं. संकष्टीचा चंद्रोदय इथल्या घड्याळाने धरायचा की पुण्याच्या, सुतकात पोराच्या वाढदिवसाचा केक कापला तर चालेल का, देव बेसमेंटमध्ये मांडले तर दोष लागतो का, असल्या शंका इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या दहा-बारा मराठी घरांतून तिच्याकडे येत. बाकीच्या बायका नोकऱ्या करणाऱ्या, सकाळी गाडी काढून जाणाऱ्या. नीलांबरी दोन हजार एक साली आली तेव्हा व्हिसाने तिला नोकरी करू दिली नाही, आणि पुढे ती वाट मोकळी झाली तेव्हा तिलाच ती नकोशी झाली होती. घर, आठ वर्षांची हिमानी, देव्हारा, आणि रोज दुपारी चार ओळी लिहायची एक वही यांत तिचा दिवस भरून जाई. वहीत तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण आजारी, एवढंच. आपलं सहसा चुकत नाही, ही गोष्ट मात्र कुठे न लिहिताही त्या वहीत पानोपानी असायची.

ही हकीगत दोन हजार सहाच्या नवरात्रातली. हिमानी तेव्हा तिसरीत होती. घट बसायच्या आदल्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढताच कागद घेऊन बसली आणि एक यादी करून तिने फ्रिजवर लावली. वर नारिंगी खडूने 'फॉल' असं मोठं लिहिलेलं, म्हणजे पानगळीचा मोसम. खाली सफरचंदं तोडायला जायचं, पंपकिन ब्रेड करायचा, पानांचं क्राफ्ट करायचं, मक्याच्या शेतातल्या भुलभुलैयात जायचं.

"हे सगळं कुणी सांगितलं?" नीलांबरीने विचारलं.

"कुणी नाही. एव्हरीबडी डज इट, आई."

'एव्हरीबडी' करतात म्हणून काही करायचं, याचं नीलांबरीला वावडं होतं. पण यादी पुन्हा वाचली तेव्हा तिला त्यात नवरात्रच दिसायला लागलं. सफरचंद उपासाला चालतं. ब्रेडमध्ये अंड्याऐवजी दही घातलं तर देवीपुढे ठेवता येईल. आणि पानांचं काय, दसरा म्हणजे पानंच. तिने पेन घेऊन एकेका ओळीपुढे तिथी लिहिली: अष्टमी, नवमी, दशमी. भुलभुलैयासाठी कुठली तिथी काही सुचेना, तेव्हा ती ओळ तशीच ठेवली.

हिमानीने ते वाचलं. "म्हणजे आपण हे सगळं करणार? खरंच?"

"करणार."

पोरीने कमरेला मिठी मारली. नीलांबरीला वाटलं, किती सोपं असतं हे.

अष्टमी शनिवारी आली. तिघं पश्चिमेला तासभर गाडी हाकत एका बागेत गेली. नीलांबरीचे नऊ दिवस दुधावर आणि फळांवर होते, त्यामुळे झाडाखाली उभं राहून सफरचंद खाणं हेच तिचं त्या दिवशीचं जेवण झालं. "बघ हिमानी, आईचा बुफे," प्रल्हाद म्हणाला, आणि कुणी पुरेसं हसलं नाही म्हणून थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. हिमानी त्याच्या खांद्यावर बसून वरची फळं तोडत होती. ओढायचं नाही, पिरगाळायचं, हे तिने शाळेत शिकून आलेलं बापाला शिकवलं. दोन पिशव्या सफरचंदं झाली आणि एक भोपळा झाला, हिमानीच्या मांडीत मावेल न मावेल एवढा. परतीच्या वाटेवर तिने तो गाडीत मांडीवरच धरला होता.

वाटेत नदीकाठी राखलेलं रान लागलं, तिथे तिघं थोडी थांबली. प्रल्हाद गाडीतच बसून रेडिओवर फुटबॉल ऐकत राहिला. मायलेकी पायवाटेने निघाल्या. शंभरेक पावलांवर एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याला बिलगून एक वेल वर चढला होता. पानं लालभडक, कडेला पिवळी पडलेली, तकतकीत. आणि एका देठावर तीन. मधलं जरा मोठं, बाजूची दोन त्याला टेकलेली.

नीलांबरी जागच्या जागी थांबली. पाच वर्षांत तिने त्रिदळ पाहिलं नव्हतं. श्रावणातल्या सोमवारी ती पिंडीवर तीन-तीन तांदूळ एकत्र वाहायची आणि मनात म्हणायची, हाच बेल समज. हा काही बेल नव्हे हे तिला दिसत होतं. बेलाचं झाड असतं, वेल नसतो. पण तीन पानं एका देठावर जोडणारा इथला वेगळा आणि तिथला वेगळा थोडाच आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिने हात पुढे केला.

"आई, नको. डोन्ट टच इट."

"का गं?"

"मिस केली म्हणाल्या, तीन पानं टुगेदर असली आणि शायनी असली तर टच करायचं नाही. पॉयझन आयव्ही असते. क्लासमध्ये पोस्टर आहे."

"तीन पानं म्हणजे शंकराचं पान. तुमच्या मिस केलींना बेल काय माहीत?"

"पण आई, पोस्टरवर सेम..."

"हिमानी. देवाच्या वस्तूला पॉयझन म्हणू नये. गालात मारून घे बघू."

हिमानीने दोन्ही गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या, लहान असताना शिकवल्या होत्या तशा. मग आईने पिशवी उघडून धरायला सांगितली तेव्हा तिने स्वेटशर्टच्या बाह्या बोटांवरून खाली ओढल्या आणि बाह्यांच्या टोकांनीच पिशवी धरली. नीलांबरीला ते पाहून हसू आलं. पानं हाताला येत होती तेवढी तिने तोडली, आणि वरची टाचा उंचावून तोडली. दसऱ्याला आपट्याचं पान कुठून आणणार? यंदा आपल्या घरचं सोनं तीन पानांचं असेल, आणि असं सोनं अख्ख्या इलिनॉयमध्ये कुणाकडे नसेल, याचा हिशेब तिने तोडता तोडताच केला होता.

रविवारी भोपळा कापला. तो कापायला प्रल्हादला बोलवावं लागलं. अर्ध्याचे नीलांबरीने घारगे केले आणि अर्धा उकडून ब्रेडसाठी घेतला. गूळ, दही, जायफळ. हिमानी स्टुलावर उभी राहून ढवळत होती. उपास असल्यामुळे नीलांबरीला चव बघता येत नव्हती आणि नैवेद्याचं म्हणून हिमानीलाही बघू देत नव्हती, तेव्हा गोड किती हे देवीवरच सोपवलं होतं. पहिला ब्रेड मधे खचला.

"होडी झाली," हिमानी म्हणाली.

"होडी तर होडी. देवी समुद्रावरून येते."

"कुठली देवी?"

"एखादी येत असेल. ढवळ तू."

दोघी हसल्या. तो दिवस नीलांबरीला पुढे फार आठवायचा, कारण त्याच हसण्यात हिमानीने हळूच विचारलं होतं, "आई, ती पानं आपण कॉम्प्युटरवर बघूया? पाच मिनिटं लागतील." आणि नीलांबरी म्हणाली होती, "माझे हात पिठात आहेत." हात धुवायला किती वेळ लागतो? पण बघायला तिला नकोच होतं. घटावरची नववी माळ तिने सकाळीच त्या पानांची करून चढवली होती. उरलेली ओल्या पंच्यात गुंडाळून टोपलीत ठेवली होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी पाच घरची माणसं आली. मुलं सात. रुपाली आली तिच्या पाच वर्षांच्या अनीशला घेऊन, आणि तिच्या सासूबाई अहिल्याकाकू. काकू नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि इथल्या थंडीला रोज नवीन नाव ठेवायच्या. नीलांबरीने मुलांसाठी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं होतं. कागदी पट्ट्या, गोंद, आणि मधोमध टोपलीत ती पानं. पट्टीवर पानं चिकटवायची आणि रामाचा मुकुट करून डोक्याला बांधायचा. हिमानी टेबलापासून लांब, जिन्याच्या पायरीवर बसून होती.

"हिमानी, ये. तू मोठी आहेस, छोट्यांना चिकटवून दे."

"मी नाही करणार."

"का नाही?"

हिमानीने पाहुण्यांकडे पाहिलं, मग आईकडे. हळू आवाजात म्हणाली, "तुला माहितीये."

नीलांबरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाच घरची माणसं बघत होती. "सणाच्या दिवशी आईचा शब्द मोडायचा? सगळ्यांपुढे? ऊठ. सोनं तूच वाटायचंस."

हिमानी उठली. कोटाच्या कपाटाशी गेली, बर्फात घालायचे जाड निळे हातमोजे काढले, चढवले, आणि टोपली घेऊन एकेकापुढे उभी राहिली.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. "हातमोजे घालून सोनं वाटणारी पहिलीच," रुपाली म्हणाली. अहिल्याकाकू म्हणाल्या, "थंडी वाजते काय पोट्टीला? बरोबर आहे. या गावात देवालाही मोजे लागतील." नीलांबरीही हसली. खरं तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली, कारण हसण्यावारी गेलं ते बरंच झालं. काकूंनी त्रिदळ बघितलं, त्यांचे डोळे भरून आले. "अगदी बेलासारखं गं बाई," म्हणून त्यांनी ते एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्याला. अनीश मुकुट घालून घरभर धावला. घामाने पट्टी कपाळावर घसरत होती, तो ती पुन्हा वर सरकवत होता. जाताना सगळ्या म्हणाल्या, नीलांबरीकडचा दसरा म्हणजे दसरा.

बुधवारी दुपारी फोन आला. हिमानी शाळेतून येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ब्रेड खात होती. फोनवर रुपाली होती.

"ताई, अनीशचे डोळे उघडत नाहीयेत."

"म्हणजे?"

"सुजलेत. कपाळ, पापण्या, कानापर्यंत फोड आलेत. आत्ता डॉक्टरकडून आले. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, पॉयझन आयव्ही. आईंच्यापण पापण्या सुजल्यात. त्या म्हणतात, बिब्बा उतल्यासारखं दिसतंय. डॉक्टर विचारत होते, मुलगा कुठल्या झाडीत गेला होता का. तो कुठे जातोय? मग मला ती पानं आठवली." रुपालीचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "ताई, ती पानं कुठून आणली होती?"

नीलांबरीने आपल्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते. एक फोडही नव्हता. ज्या हातांनी सगळी पानं तोडली, माळ ओवली, ते तसेच्या तसे होते.

"अगं, हिमानीने जमवली होती," ती म्हणाली. "मुली काय काय उचलून आणतात."

हिमानीचा हात ब्रेडवर थांबला. तिने आईकडे पाहिलं, मग ताटलीकडे पाहिलं आणि उरलेला तुकडा तोंडात न घालता ताटलीत ठेवला.

"तिला रागावू नका हं ताई," पलीकडून रुपाली म्हणत होती. "लहान आहे ती. तिला काय कळतंय."

"नाही, नाही रागावणार," नीलांबरी म्हणाली.

तिने फोन ठेवला. मग हिमानीने ताटली सिंकमध्ये ठेवली आणि होमवर्क करायला वर गेली. पायऱ्यांवर तिची पावलं नेहमीसारखीच वाजली.

संध्याकाळी प्रल्हाद गाडीने शहरातून आला, त्याला सगळं सांगावं लागलं. हिमानीचं नाव घेतल्याचंही सांगावं लागलं, कारण उद्या रुपालीच्या घरून कळलंच असतं.

"पण तोडत तर तू होतीस," तो म्हणाला. "मी गाडीतून बघत होतो."

"तोंडातून गेलं. आता मागे कसं घेऊ? तुम्ही यात पडू नका."

"मी नाही पडत," प्रल्हाद म्हणाला. "ती पडली ना."

मग त्याने रबरी हातमोजे घालून टोपली, पंचा, उरलेली पानं काळ्या पिशवीत भरली. देव्हाऱ्यातली माळ मात्र तिने स्वतः काढली. निर्माल्य ती एरवी घरामागच्या झाडाखाली पुरायची. ही माळ दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात गेली. दिवा लावून ती जपाला बसली, पण मणी पुढे सरकेना. देवी सगळं बघते, हे याच नवरात्रात तिने हिमानीला दोनदा सांगितलं होतं. वहीत तिने लिहिलं, 'अनीशला बरं नाही,' आणि वही मिटली.

गुरुवारी दुपारी रुपाली दसऱ्याला दिलेल्या ब्रेडचा डबा परत करायला आली. मुलाच्या आजारपणामुळे ती रजेवर होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात तिने संत्री घातली होती. शुक्रवारची कोजागिरी आपण कॅन्सल केली, एवढं सांगून ती निघाली, तेवढ्यात हिमानी दाराशी आली.

रुपाली खाली वाकली. "बेटा, पुढच्या वेळी पानं तोडायच्या आधी मोठ्या माणसाला विचारायचं हं. ओके?"

नीलांबरी डबा हातात घेऊन उभी होती. बोलायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती. तोंड उघडलंही असेल तिने. संत्र्यांचा वास येत होता.

"ओके, मावशी," हिमानी म्हणाली. "सॉरी."

दार लागलं. हिमानी म्हणाली, "मी ऑरेंज घेऊ?" आणि नीलांबरीने तिला संत्रं सोलून दिलं, सगळ्या शिरा काढून, एकेक फोड वेगळी करून, तान्ह्या बाळाला द्यावं तसं. दुसरं काही तिला करता आलं नाही.

शुक्रवारी दुपारी एकला शाळेतल्या नर्सचा फोन आला. हिमानीच्या डाव्या मनगटावर फोड आले होते, पट्टा ओढल्यासारखे. निळ्या मोज्याची कड जिथे संपत होती, तिथेच. नर्स म्हणाली, हे दोन दिवसांपूर्वीचं दिसतंय, पोर पूर्ण बाह्यांखाली झाकत होती. कुठे लागलं विचारलं तर सांगत नाही.

नीलांबरी तिला घ्यायला गेली. गाडीत बसल्यावर किल्ली न फिरवता तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

हिमानी खिडकीतून बाहेर बघत होती.

"आणि नर्सना का नाही सांगितलंस?"

"मग त्यांनी विचारलं असतं," हिमानी म्हणाली.

"काय विचारलं असतं?"

"पानं कुणी आणली. अँड आय काण्ट लाय टू द नर्स, आई."

नीलांबरीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर शाळेच्या आवारात मेपलची पानं गळत होती आणि एक शिक्षिका लहान मुलांची रांग त्यातून नेत होती. आठ वर्षांची मुलगी दोन दिवस खाजणारा हात बाहीत लपवून बसली होती. आईचं नाव निघू नये म्हणून. आणि आईने तिचं नाव एका वाक्यात, फारसा विचार न करता देऊन टाकलं होतं.

ती घरी गेली नाही. सरळ रुपालीकडे गाडी नेली.

रुपालीच्या हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. सोफ्यावर अनीश कपाळावर ओलं फडकं ठेवून आडवा होता, टीव्हीवर कार्टून चालू होतं आणि तो ते नुसतं ऐकत होता. "कोण आलं?" त्याने विचारलं.

"हिमानीताई," रुपाली म्हणाली.

"हिमानीताई, मी पायरेट आहे. माझा एकच डोळा उघडतो."

हिमानी त्याच्याजवळ जाऊन खाली गालिच्यावर बसली. अहिल्याकाकू खुर्चीत होत्या. त्यांच्या पापण्या अजून जड दिसत होत्या, गालांवर गुलाबी औषधाचे ओघळ सुकले होते. रुपाली कपड्यांच्या घड्या घालत होती.

नीलांबरी दाराजवळच उभी राहिली. पायातले बूट काढायचे राहिले होते, हे तिच्या लक्षात आलं, आणि आता वाकून ते काढायला लागलं तर पुन्हा धीर होणार नाही हेही.

"रुपाली, ती पानं मी तोडली होती. हिमानी नको म्हणत होती. शाळेत शिकवलंय असं तिने सांगितलं, मी ऐकलं नाही. परवा फोनवर मी खोटं बोलले. आणि काल... काल आमच्या दारात मी गप्प बसले."

रुपालीने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली.

"बूट काढ आणि बस," काकू म्हणाल्या. "उभ्याने काय सांगतेस? आम्हाला ठाऊक आहे ते."

नीलांबरीने त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, पोट्टी जाडजूड मोजे घालून वाटत होती. जिनं नादानपणे पानं तोडली असती, ती वाटताना मोजे कशाला घालते? तिला माहीत होतं म्हणून तर मोजे. आपण सगळे हसलो. मीच जास्त बोलले." काकूंनी डोळ्याच्या कडेला रुमाल टिपला. "काल रात्री म्हटलं मी रुपालीला."

"मी डबा द्यायला आले तेव्हा मला माहीत नव्हतं, ताई," रुपाली म्हणाली. तिने नीलांबरीकडे न बघता पुढचा शर्ट उचलला. "आईंनी नंतर सांगितलं. मग मला मी तिला काय बोलले ते आठवायला लागलं. पानांचं मी धरून नाही बसले. तुम्ही दिली म्हणून मीसुद्धा डोळे मिटून घेतलं. पण मी तिला समजावत होते आणि तुम्ही तिथेच उभ्या होतात."

"हो," नीलांबरी म्हणाली. आपण बोलू की नाही याची या घरात काल रात्रीपासून वाट बघितली गेली असेल, आजही दुपारपर्यंत बघितली गेली असेल, हे तिला आता कळत होतं.

रुपालीने शर्ट खाली ठेवला आणि हिमानीला म्हणाली, "सॉरी, बेटा. तुझी चूक नव्हती."

हिमानीने आधी आईकडे पाहिलं, घेऊ का, असं विचारल्यासारखं. कुणी खाऊ दिला की बघायची तसंच. नीलांबरीने मान हलवली. मग हिमानी म्हणाली, "इट्स ओके, मावशी."

काकूंनी चहा टाकायला सांगितला. रुपालीने चहा केला, साखर किती ते नेहमीसारखं विचारलं. निघताना रुपाली दारापर्यंत आली, पण "येत जा" म्हणाली नाही. ती ते दर वेळी म्हणायची.

त्या रात्रीच्या पानावर नीलांबरीने वहीत लिहिलं, 'पानं मी तोडली. खोटं मी बोलले.' तिथी लिहायची राहून गेली. बाकीच्या घरांनाही तिने एकेक करून फोन केले. त्यांच्यातल्या तीन मुलांना थोडंथोडं पुरळ आलंच होतं. कुणी "असू दे हो" म्हणालं, कुणी "बरं झालं कळवलंत" म्हणालं. पुढच्या आठवड्यात संकष्टी आली. चंद्रोदय विचारायला कुणाचा फोन आला नाही. तिने फोनकडे दोन-तीनदा पाहिलं, आणि आपण पाहतोय हे लक्षात येऊन तिला त्याचीही लाज वाटली.

पानं तोडल्याला अकरा दिवस झाले त्या सकाळी तिची बोटं खाजायला लागली. दुपारपर्यंत बोटांच्या बेचक्यांत, तळहाताच्या कडेला पाण्याचे फोड भरले. काहींना दोन दिवसांत उठतं, काहींना उशिरा, हे तिने एव्हाना कॉम्प्युटरवर वाचलं होतं. त्याला पाच मिनिटंच लागली होती.

हिमानी शाळेतून आली तेव्हा आई हात पदराखाली घेऊन बसलेली तिला दिसली. "दाखव," ती म्हणाली.

नीलांबरीने दाखवले.

हिमानी वर गेली. स्वतःच्या मनगटासाठी आणलेली गुलाबी औषधाची बाटली आणि कापूस घेऊन आली, सिंकजवळचे रबरी मोजे चढवले, ते तिला कोपरापर्यंत आले. मग समोर खुर्ची ओढून बसली आणि एकेका फोडावर कापूस टेकवायला लागली. मागे फ्रिजवर यादी अजून होती. तिथी लिहिलेल्या तिन्ही ओळींपुढे बरोबरची खूण होती. शेवटच्या ओळीपुढे काही नव्हतं.

"खाजवायचं नाही हं. थंड वाटतं ना?"

"वाटतं."

"जप करताना दुखेल. तू नुसतं मनात काउंट कर."

"बरं."

दोन बोटं झाली. तिसऱ्यावर हिमानी थांबली, पण तिने मान वर केली नाही.

"आई, फोनवर तू माझं नाव का सांगितलंस?"

आठवडाभर नीलांबरीने या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती. घाईत निघून गेलं. तू लहान, तुला कुणी काही बोललं नसतं. त्यांतलं एकही आता तोंडात येईना.

"मला लाज वाटली," ती म्हणाली. "माझं चुकलं हे लोकांना कळेल, याची."

"मग माझं चुकलं असं कळलं तर चाललं असतं?"

"तेव्हा मला चाललं," नीलांबरी म्हणाली.

कापसाचा बोळा गुलाबी झाला होता, तो हिमानीने टाकला. नवीन घेतला, बाटली उलटी करून ओला केला.

"दुसरा हात दे," ती म्हणाली.